मॉरिशसच्या टूर काढणाऱ्यांना खुलं पत्र: पोर्ट लुईला एक अख्खा दिवस द्या

महाराष्ट्रातल्या टूर कंपन्या, टूर मॅनेजर्स आणि ग्रुप बुकिंग करणारी मंडळं यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाही. मॉरिशसची टूर विकणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांनाच आहे, कारण ब्रोशर कुणाचंही उघडा, आतला प्रोग्राम जवळपास तोच निघतो. पहिल्या दिवशी एअरपोर्ट पिकअप आणि हॉटेल चेक-इन, मग एक दिवस नॉर्थ टूर, एक दिवस साउथ टूर, एक दिवस इल ओ सर्फ बेट आणि तिथे स्पीडबोट, पॅरासेलिंग, ट्यूब राइड, वर पैसे भरले तर अंडरसी वॉक, उरलेला दिवस हॉटेलच्या बीचवर आणि रोज रात्री इंडियन डिनर. हनिमून पॅकेज असेल तर केक आणि कॅन्डल लाइट जास्तीचं. समुद्राबद्दल माझं काहीच म्हणणं नाही हो, तो सुंदरच आहे, लोकांनी जरूर डुंबावं. पण या सगळ्यात तिथली माणसं, त्यांची देवळं, मशिदी, चर्च, पॅगोडे, त्यांचा इतिहास, जंगल, पक्षी यातलं जवळपास काहीच आपल्या लोकांपर्यंत पोचत नाही, आणि वाईट याचं वाटतं की त्यातला कितीतरी भाग थेट आपला आहे.

मी ज्या ग्रुपबरोबर गेले होते त्यांची बस नॉर्थ टूरच्या दिवशी राजधानी पोर्ट लुईत शिरली, गाइडनी माइकवरून सांगितलं की हा बघा आप्रवासी घाट, वर्ल्ड हेरिटेज साइट, सगळ्यांनी माना वळवल्या, ज्यांना दिसलं त्यांना दिसलं, आणि बस पुढे जाऊन कॉदन वॉटरफ्रंटला शॉपिंगसाठी थांबली ती चांगली दीड-दोन तास. मी टूर मॅनेजरना विचारलं की घाटावर का नाही थांबलो, तर म्हणाले मॅडम तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसत्या दगडी पायऱ्या आहेत. शॉपिंग सोडून मी चालत तिकडे गेले, दहा-पंधरा मिनिटांत पोचले.

पायऱ्या आहेत हे खरंय. काळ्या बसाल्टच्या, मधोमध झिजलेल्या, आणि फार मोठ्याही नाहीत. पण १८४९ साली इंग्रजांनी इथे डेपो बांधला आणि त्यानंतर बोटीतून उतरलेला भारतातला मजूर याच पायऱ्या चढून वर आला. पहिली तुकडी त्याच्याही आधी आली होती, २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाच्या जहाजातून, कलकत्त्याहून, ३६ माणसं. साखरेचे मळे गुलामांच्या जिवावर चालायचे, १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, मग उसाला माणसं आणायची कुठून, म्हणून करारावर भारतीय मजूर आणून बघायचा इंग्रजांनी इथे प्रयोग केला. तो त्यांच्या दृष्टीने जमला, आणि मग तीच पद्धत त्रिनिदाद, गयाना, फिजी, दक्षिण आफ्रिका सगळीकडे गेली. एकट्या मॉरिशसमध्ये १८३४ ते १९२० च्या दरम्यान जवळपास पाच लाख माणसं आली. ५ वर्षांचा करार, पुरुषाला महिन्याला ५ रुपये पगार आणि वर शिधा, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे. हो, एका दिवसाला दोन दिवसांचा.

आज मूळ डेपोतला थोडाच भाग शिल्लक आहे, बराचसा नंतर रस्त्यात गेला. जे उरलंय त्यात फाटक आहे, आजाऱ्यांना ठेवायची जागा आहे, स्वयंपाकाची, संडास-मोरीची जागा आहे, नव्याने आलेली माणसं दोन-तीन दिवस इथे राहायची, मग कोणाची रवानगी कुठल्या मळ्यावर ते ठरायचं. शेजारच्या माहिती केंद्रात बोटीत माणसं कशी झोपायची, काय खायची, सोबत काय सामान असायचं ते सगळं नीट मांडलंय. तिकीट नाही, प्रवेश फुकट आहे. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं आणि दर वर्षी २ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते, त्या दिवशी लोक येऊन या पायऱ्यांवर फुलं वाहतात. आमच्या बसमध्ये रिटायर्ड शिक्षक होते, बँकेतले लोक होते, कॉलेजची मुलं होती, यातल्या एकालाही या गोष्टीत रस वाटला नसता असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आणि एकदा ही गोष्ट कळली ना की बसच्या खिडकीतून दिसणारं सगळं बदलतं. उसाच्या शेतात मधेमधे काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात, काही अगदी पिरॅमिडसारखे रचलेले. आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांनी त्याचे फोटो काढले, हे काय म्हणून विचारलं पण, आणि गाइडनी लाव्हा रॉक्स एवढंच उत्तर दिलं. ज्वालामुखीतून झालेलं बेट आहे ते, जमीन सगळी दगडांनी भरलेली होती, ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवेत, ते आधी गुलामांनी आणि मग आपल्या मजुरांनी हाताने वेचून बाजूला रचलेत. हे दोन मिनिटांत सांगून होतं. त्यासाठी बस थांबवायलाही लागत नाही.

आता पोर्ट लुईबद्दल. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने हे बंदर उभं केलं, म्हणजे शहर चांगलंच जुनं आहे, आणि छोटं आहे, पायी फिरता येतं. तुम्ही लोकांना काय दाखवता, तर वर सिटाडेल किल्ल्यावरून शहराचा फोटो, खाली शां द मार्सचा रेसकोर्स (१८१२ सालचा आहे, दक्षिण गोलार्धातला सगळ्यात जुना, हेही सांगत नाहीत बरेचदा) आणि मग कॉदनचा मॉल. त्याऐवजी लोकांना घाटापाशी उतरवा आणि पायी चालवा. घाटासमोरून रस्ता ओलांडला की सेंट्रल मार्केट लागतं, भाजीपाला, मसाले, औषधी पाला विकणारे, आणि दाल पुरीच्या गाड्या. ही दाल पुरी आपल्या लोकांना आवडणार म्हणजे आवडणारच. डाळीचं सारण भरलेली पातळ मऊ पोळी, त्यात जाड पांढऱ्या कडधान्याची उसळ, टोमॅटोची चटणी, तिखट, आणि दोन-दोनची जोडी गुंडाळून कागदात हातात देतात. शाकाहारी आहे, स्वस्त आहे आणि तिथल्या प्रत्येक जातिधर्माचा माणूस ती रस्त्यात उभं राहून खातो. आपल्या लोकांना परदेशात जेवणाची काळजी असते म्हणून तुम्ही रोज पनीर बटर मसाला खायला घालता, पण इथे तर रस्त्यावरच आपल्या ओळखीचं जेवण आहे, मग एक दुपार तरी त्यावर काढू द्या.

मार्केटपासून पुढे रॉयल रोडवर जुम्मा मशीद आहे, १८५० च्या दशकात बांधायला घेतलेली, पांढरी, बाहेरून लाकडी कोरीव दरवाजे आणि आत चौकात एक जुनं मोठं बदामाचं झाड. नमाजाची वेळ सोडून, अंगभर कपडे घालून, परवानगी विचारून गेलं तर पाहुण्यांना आत येऊ देतात. त्या झाडाच्या सावलीत मी थोडा वेळ बसले होते, बाहेर भर बाजाराचा गोंधळ आणि आत एकदम शांत. मशिदीला लागूनच चायना टाउन सुरू होतं, म्हणजे मशिदीची भिंत संपते न संपते तोच चिनी पाट्या दिसायला लागतात. बंदराच्या दुसऱ्या बाजूला ले सालीनमध्ये क्वान ती पॅगोडा आहे, तोही एकोणिसाव्या शतकातला. कॅथेड्रल आहे, तमिळ लोकांची रंगीत गोपुरांची देवळं आहेत, आणि या सगळ्याला मिळून एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

मॉरिशसला मल्टिकल्चरल म्हणायची पद्धत आहे, तुमच्या ब्रोशरमध्ये पण तो शब्द असतोच. पण ते कसं चालतं ते बघायचं असेल तर सुट्ट्यांची यादी बघा. चिनी नवीन वर्ष, तमिळांची थायपूसम कावडी, महाशिवरात्र, तेलुगू लोकांचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, ख्रिसमस, सगळ्यांना देशभर सुट्टी. आणि गुलामगिरी संपली त्या दिवसाचीही, १ फेब्रुवारीला. संसदेचं अधिकृत कामकाज इंग्रजीत, पेपर बहुतेक फ्रेंच, घरात आणि रस्त्यावर क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, आणि पूर्वजांची म्हणून शाळेत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, चिनी अशा भाषा शिकायची सोय. साधारण निम्मी लोकसंख्या हिंदू, तिसरा हिस्सा ख्रिश्चन, बाकीच्यांत बहुतेक मुस्लिम. सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही, कुठेच नसतं. पण सेंत क्रवाला पेर लावाल यांची कबर आहे तिथे जाऊन बघा. हे जाक देझिरे लावाल नावाचे फ्रेंच धर्मगुरू, मूळचे डॉक्टर, गुलामगिरीतून सुटलेल्या गोरगरीब लोकांमध्ये त्यांनी आयुष्य काढलं आणि ९ सप्टेंबर १८६४ ला वारले. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक चालत त्यांच्या कबरीपाशी येतात आणि त्यात हिंदू असतात, मुसलमान असतात, चिनी असतात. आपल्याकडे वारी, दर्गा, मोत माउली हे सगळं बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे लगेच समजतं, फार समजावून सांगायची गरज पडत नाही.

बरं, गंगा तलाव. हा एक स्टॉप तुम्ही घेता, त्याबद्दल आभार. पण कसा घेता, तर वीस मिनिटं, मंगल महादेवाच्या ३३ मीटर उंच मूर्तीसमोर ग्रुप फोटो, माकडांपासून पर्स सांभाळा ही सूचना आणि चला पुढे शामारेल. तो तलाव म्हणजे ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी आहे, समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिओले गावातल्या पुजाऱ्याला इथे गंगा असल्याचा दृष्टांत झाला आणि तिथून माणसं चालत यायला लागली अशी कथा सांगतात. १९७२ साली भारतातून गंगेचं पाणी आणून यात मिसळलं. गंगा इथून किती लांब, परत जायची शक्यता किती कमी, अशा माणसांनी आपलं तीर्थ आपण ज्या बेटावर आहोत तिथेच शोधलं. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस संपूर्ण देश रस्त्यावर असतो, पांढऱ्या कपड्यातली माणसं बांबूच्या कावडी खांद्यावर घेऊन निघतात, काही कावडी देवळाएवढ्या मोठ्या, आरसे लावलेल्या, रंगीत कागदांनी सजवलेल्या, आणि वाटेत लोक सरबत, पाणी, फळं, जेवण वाटत उभे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक तरी ग्रुप या दिवसांत न्या. ट्रॅफिक असतो, हॉटेलपासून वेळ लागतो, हे सगळं मान्य आहे, पण लोकांना आधीच सांगितलं तर ते तयारीने येतात. आणि इतर वेळी निदान एक तास द्या, म्हणजे ज्यांना घाटावर बसून अभिषेक करायचाय त्यांना करता येईल, ज्यांना नुसतं तळ्याच्या कडेने चालायचंय त्यांना चालता येईल. आमच्या ग्रुपमधल्या एक आजी घरून बेलाची पानं घेऊन आल्या होत्या, पूजेची रांग होती, बसचा हॉर्न वाजला आणि त्यांना ती तशीच पायरीवर ठेवून परत यावं लागलं. याचा मला अजून राग आहे.

आता ले मॉर्न. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा काळा कडा. तुम्ही तो विकता हेलिकॉप्टर राइडमध्ये, शेजारच्या समुद्रातल्या अंडरवॉटर वॉटरफॉलबरोबर. तो खरा धबधबा नाहीये, वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकतो त्यामुळे वरून तसा भास होतो. दिसायला भारी दिसतं, ज्यांना परवडतं त्यांनी जरूर बघावं. पण त्या कड्याला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो त्या धबधब्यासाठी नाही. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगरात लपून राहायचे, गुहांमध्ये, वरच्या सपाटीवर, जिथे पोचायला एक अरुंद खिंड ओलांडावी लागते. तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर निघाले, वरच्यांना वाटलं आपल्याला पकडायला आले, आणि पुन्हा साखळदंडात जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. डोंगराच्या पायथ्याशी गुलामगिरीच्या आठवणीचं शिल्पांचं स्मारक आहे. तिथवर बस जाते, चढायची गरज नाही, ज्येष्ठ नागरिकांनाही जमतं. ज्यांच्या पायात दम आहे त्यांना पहाटे लवकर निघून गाइडबरोबर डोंगर चढता येतो, अर्ध्यापर्यंत चांगली पायवाट आहे, नंतर हात टेकत चढायचं. वरून लगून आणि कोरलची कड अशी दिसते की हेलिकॉप्टरचे पैसे वाचले म्हणावं. सह्याद्री चढणारी पोरं आपल्याकडे हजारोंनी आहेत, त्यांच्यासाठी हा ट्रेक ऑप्शनल म्हणून तरी ठेवा.

रात्री हॉटेलात सेगा डान्स शो असतो, घेरदार झगे, लोक टाळ्या वाजवतात, स्टेजवर जाऊन नाचतात. सेगा ही त्याच गुलामांची गाणी आहेत, बकऱ्याच्या कातड्याचं रावान नावाचं वाद्य आधी विस्तवावर तापवून वाजवतात, आणि पारंपरिक सेगा २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला. दोन वर्षांनी भोजपुरी लग्नातली गीत-गवाई पण गेली. शो सुरू व्हायच्या आधी एवढं कुणी सांगितलं तरी टाळ्या वेगळ्या पडतील.

आता जी गोष्ट तुम्ही सोडून देता याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ती सांगते. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. मुंबई बंदरातून गेलेली, कोकणातली आणि घाटावरची, पाच-सहा पिढ्यांपूर्वी. त्यांची मंडळं आहेत, फेडरेशन आहे, कॅस्कावेलसारख्या भागात विठ्ठल-गणपतीची देवळं आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे, आपल्या जाखडीसारखा झाकरी नाच आहे, २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. आणि महाराष्ट्रातून हजारो माणसं तुम्ही दरवर्षी तिथे नेता, ती आठवडाभर राहून एकाही मॉरिशियन मराठी माणसाला न भेटता परत येतात. मला भेटले ते योगायोगाने, मार्केटमध्ये एक काकू भाजी घेत होत्या, माझं फोनवरचं बोलणं ऐकून वळल्या आणि थांबत थांबत, शब्द शोधत, मराठीत म्हणाल्या, तुमी महाराष्ट्रातून आला का. त्यांना मराठी बोलायला जड जात होतं, मधेच क्रिओल यायचं, पण आरती सगळी पाठ. त्यांच्या सासऱ्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन पणजोबांची नोंद काढून आणली होती. तिथे त्या काळची रजिस्टर्स आहेत, मजुराचा नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्या नोंदींबरोबर फोटोही. त्यांना त्या गावाला एकदा यायचं होतं, आणि मी त्या जिल्ह्यातली आहे कळल्यावर त्यांनी माझा हात सोडला नाही.

अशी भेट घडवायला तुम्हाला काय लागेल? एका संध्याकाळी देवळात जा, मंडळाशी आधी बोला, बसभर माणसं येणार तर त्यांचा खर्च द्या, देणगी द्या, चहा-फराळाचे पैसे द्या, फुकटात उरकू नका. स्थानिक मराठी तरुण मुलामुलींना गाइड म्हणून घ्या आणि नीट पगार द्या. गणपतीत आपण घर सोडत नाही हे मला कळतं, पण ज्यांच्या घरी गणपती नाही असेही खूप आहेत, आणि सप्टेंबरात कधीकधी गणपती आणि पेर लावालची यात्रा एकाच आठवड्यात येतात. असा एक ग्रुप तुम्ही जाहीर केलात तर मी पहिलं नाव नोंदवीन.

जंगलाबद्दल थोडक्यात, कारण आपल्या टूरमध्ये ते बसतच नाही. डोडो इथलाच, डच लोक १५९८ मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. त्याचे कीचेन, टी-शर्ट सगळे विकत घेतात, पण जे पक्षी वाचलेत ते बघायला कुणी नेत नाही. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये जंगलात अवघे ४ माहीत होते, आज तो शेकड्यांत आहे, गुलाबी कबुतरही असंच अगदी टोकावरून परत आणलं. कार्ल जोन्स नावाच्या जीवशास्त्रज्ञाने आणि तिथल्या लोकांनी अंडी उचलून, पिल्लं हाताने वाढवून हे केलंय. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्कमधून तुमची बस शामारेलला जातेच, व्ह्यू पॉइंटला फोटोला थांबते, तिथून अर्धा-पाऊण तास पायवाटेने आत नेलंत तर लोकांना मूळ जंगल म्हणजे काय ते कळेल. आणि महेबूर्गजवळचं इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं बेट, छोट्या बोटीने जायचं, गाइडशिवाय सोडत नाहीत. तिथे आबनुसाची जुनी झाडं आहेत, याच झाडांसाठी डच लोकांनी मॉरिशसचं जंगल तोडलं. त्या झाडांची फळं पूर्वी तिथली कासवं खायची आणि बी पसरवायची, ती कासवं माणसांनी संपवली, म्हणून आता सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटावरून आणलेली मोठी कासवं ते काम करतात. एक कासव माझ्यासमोर पाय रोवून, मान लांब करून खाली पडलेली पानं ओरबाडत होतं, त्याच्या चावण्याचा आवाज येत होता, आणि गाइड मुलगी सांगत होती की त्याच्या विष्ठेतून आलेलं बी लवकर रुजतं. इल ओ सर्फच्या स्पीडबोटींपेक्षा मला तरी हे बेट आवडलं. एअरपोर्टपासून जवळ आहे, परतीच्या दिवशी सुद्धा बसू शकतं. महेबूर्गचं म्युझियमही तिथेच, १८१० च्या ग्रां पोर्टच्या लढाईत जखमी झालेले फ्रेंच आणि इंग्रज असे दोन्हीकडचे कप्तान याच घरात एकत्र उपचार घेत होते.

याच किनाऱ्यावर २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जहाज कोरलवर चढलं, ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल समुद्रात गेलं, आणि सरकारची वाट न बघता लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून, केस कापून देऊन, हाताने तरंगते बांध शिवले. म्हणून एक विनंती आहे, तामारँला सकाळी डॉल्फिन बघायला नेता तेव्हा बोटवाल्याला अजून जवळ घे, अजून जवळ घे म्हणू नका. आमच्या वेळी पंधरा-वीस बोटींनी डॉल्फिनना घेरलं होतं, ते खाली गेले की इंजिनं जोरात आणि वर आले की ओरडा. आणि शंख, कोरलचे तुकडे बॅगेत टाकू नका हे टूर मॅनेजरनी पहिल्याच दिवशी सांगावं, कायद्याने पण बंदी आहे.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. रेट कमी ठेवावा लागतो, लोकच विचारतात की पॅरासेलिंग आहे का, आणि शॉपिंग कमी केलं तर रिव्ह्यू खराब येतात. पण घाटाला तिकीट नाही, पोर्ट लुई पायी फिरायचं तर बसचा खर्च वाढत नाही, ले मॉर्नचं स्मारक रस्त्यावर आहे. वाढतो तो वेळ, आणि तो शॉपिंग आणि शिप मॉडेल फॅक्टरीच्या स्टॉपमधून निघतो, तिथे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी नुसतं एसीत बसून वेळ काढला. ज्यांना शॉपिंग हवंय त्यांना तो दिवस कॉदनला सोडा, दोन्ही जागा जवळ आहेत.

तर पुढच्या सीझनचं ब्रोशर छापायच्या आधी एवढं करा. पोर्ट लुईचा पूर्ण दिवस सोमवार ते शुक्रवारमध्ये ठेवा, रविवारी घाट बंद असतो आणि शहरही बरंचसं बंद असतं. गंगा तलावला तास द्या. इल ओ सर्फ किंवा इल ओ एग्रेत असा पर्याय द्या. मराठी मंडळाबरोबर एक संध्याकाळ ठरवा. टूर मॅनेजरला जायच्या आधी दोन दिवस या सगळ्याची माहिती द्या, नुसती रूम लिस्ट नको. आणि ज्या कंपनीला हे जमेल तिने प्रोग्राम जाहीर करावा, माझ्या ओळखीत दोन सोसायट्या आणि एक निवृत्त शिक्षकांचा ग्रुप डिसेंबरनंतर कुठे जायचं ते ठरवतोय, मी त्यांना तुमचंच नाव देईन.

कळावे,
मॉरिशसला जाऊन आलेली आणि परत जायची इच्छा असलेली एक प्रवासी